दाजींनी दाबलेलं रॉकेट

शत्रूला क्षमा करावी, हे मी शिरूरच्या मिशन शाळेत सगळा जन्म मुलींना शिकवलं. त्यावर गोष्टी सांगितल्या, चित्रं काढून भिंतीला लावली, आणि जी मुलगी शेजारणीची वेणी ओढायची तिला वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावली. माझ्या दाजींना मात्र मी अजून क्षमा केलेली नाही. ते वारले तेव्हा मी दौंडला गेले, कबरीवर मूठभर माती टाकली, आणि टाकताना मनात म्हटलं, दाजी, रॉकेट माझं होतं. पाळकसाहेब प्रार्थना करत होते म्हणून मोठ्यानं बोलले नाही, एवढंच.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. दौंडला रेल्वेत गार्ड. आणि रॉकेट म्हणजे खेळण्यातलं, पत्र्याचं. तुम्हाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शिरूरमधले सगळे हसून झालेले आहेत.

हा नाद मला नाताळच्या पेटीनं लावला. दर वर्षी नाताळच्या आधी मिशनच्या बंगल्यावर अमेरिकेतून मोठमोठ्या लाकडी पेट्या यायच्या. त्यांत तिकडच्या लोकांनी धाडलेले जुने स्वेटर, साबणाच्या वड्या, वापरलेली कार्डं आणि खेळणी असायची. मडमबाईंच्या हाताखाली त्या पेट्या उपसून पोरांच्या वाटण्या लावायचं काम माझ्याकडं होतं. एका साली पेटीच्या तळाशी एक विचित्र वस्तू निघाली. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, मागं तीन पंख, आणि पोटावर गोल गोल खिडक्या रंगवलेल्या. मी ती एका पोराच्या वाट्याला घातली. त्यानं ती उलटीपालटी केली, तोंडाशी नेऊन फुंकून बघितली आणि परत आणून दिली.

"बाई, ह्यो डीडीटीचा फवारा मोडल्याला हाय. मला चेंडू द्या."

त्याला चेंडू दिला आणि फवारा माझ्याकडं राहिला. तो फवारा नाही हे मला ठाऊक होतं, कारण बंगल्याच्या रद्दीतली इंग्रजी मासिकं मी घरी आणायचे. त्यांच्या मुखपृष्ठांवर असलीच यानं असायची, तांबड्या आभाळात निघालेली. आतल्या गोष्टी मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचल्या. गोष्टींतली माणसं सकाळी नाश्ता करून मंगळावर जायची आणि तिथं गेल्यावरही आपसांत भांडायची. मी तोवर इकडं पुणं आणि तिकडं नगर, यापलीकडं काही पाहिलेलं नव्हतं. ते पत्र्याचं यान मी खिडकीत ठेवलं, आणि का कुणास ठाऊक, दिवसभर मुलींवर ओरडले नाही.

मग हावच सुटली. मिशनरी लोक रजेवर मायदेशी जायला निघाले की त्यांची पोरं मोडकी खेळणी टाकून जायची, त्यांत मी हात घालून बसायचे. एकदा जुळवायचं प्लॅस्टिकचं यान मिळालं, डब्यासकट, पण त्याचा एक पाय नव्हता. तीन पायांवर उभं राहणारं यान, आणि पाय दोनच! शेवटी टूथपेस्टच्या टोपणावर टोपण चिकटवून तिसरा पाय केला. सुतारकामाच्या शाळेतल्या मास्तरांना चित्र दाखवून एक लाकडी यान करून घेतलं, तर त्यांनी इतकं गुळगुळीत केलं की आईनं ते लाटणं समजून पोळपाटाशी नेऊन ठेवलं. पुण्याच्या बाजारात एक जपानी यान मिळालं. त्याचा तळ पहिल्याच पावसाळ्यात गंजला. डबे सांधणाऱ्याकडं डाग द्यायला नेलं, तर त्यानं विचारलं, "ह्यात त्याल ठिवायचंय का राकेल?"

आईचं तोंड चालूच असायचं. "लोकाच्या पोरी संसाराची भांडी जमवत्यात. आन् आमची ही बया विमानं!"

"आई, विमानं न्हाईत ती. यानं हायत."

"काय का असंना. त्यात भाकरी भाजती का?"

भाकरी भाजत नव्हती, खरं आहे. पण संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी सगळी यानं बाजेवर ओळीनं मांडायचे, धूळ पुसायचे, ज्यांना चावी होती त्यांना चावी द्यायचे. घर्रर्र करून ती गोधडीच्या घड्या चढायची. त्यात जे सुख होतं ते मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, आणि त्याची लाजही वाटली नाही. रशियानं आभाळात गोळा सोडला तेव्हा तर माझा भाव फारच वधारला. जी माणसं हसायची तीच संध्याकाळी दारात यायची. "बाई, त्यो गोळा आपल्या गावावरनं कवा जातो?" जसं काही मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होते.

हा वधारलेला भाव दाजींना खुपला. तोवर ते मला "विमानवाली मेहुणी" म्हणून चिडवायचे. मेहुणीला चिडवायचा दाजीचा हक्कच असतो, ते मी चालवून घेतलं. पण माझ्याकडं लोक येतात हे पाहिल्यावर त्यांनी स्वतःच यानं जमवायला घेतली. दौंड म्हणजे जंक्शन. मुंबईहून, मद्रासहून गाड्या यायच्या, रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती आणि एकेक करून ती परदेशी निघाली होती. दाजींना माल मिळायला कितीसा वेळ लागणार? माझ्याकडं वीतभर यान आलं की त्यांना हातभर हवं. त्यांनी काचेचं कपाट करून घेतलं, त्याला 'शोकेस' म्हणायला लागले, आणि पाहुणा आला की गार्डाची टोपी घालून त्याच्यापुढं उभे राहायचे. एकाही यानाची गोष्ट त्यांना सांगता यायची नाही. कुठलं यान कुठल्या ग्रहाला निघालंय असं मी विचारलं, तर म्हणायचे, "जिकडं सिग्नल पडल तिकडं जाईल." सगळे हसायचे, आणि मला वाटायचं, ह्या माणसाच्या हातात हे सगळं वाया चाललंय.

तरीही भांडण नव्हतं. भांडण लागलं ते चांदीच्या रंगाच्या रॉकेटवरून.

आक्काच्या घराजवळ रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एका इंजिन ड्रायव्हरची विधवा राहायची. अँग्लो-इंडियन, वयस्क, गुडघ्यांनी हैराण. मी आक्काकडं गेले की तिच्याकडं जाऊन बसायचे. तिच्या खिडकीत ते रॉकेट होतं. कोपरापासून बोटापर्यंत लांब, चांदीसारखं लख्ख. चावी दिली की ते पुढं सरकायचं, शेपटाकडून ठिणग्या उडायच्या, आणि वर काचेसारखी घुमटी होती तिच्याखाली बसलेला इवलासा माणूस मान वळवून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं बघायचा. तो माणूस बघितला आणि माझा जीव त्या रॉकेटवर जडला. म्हातारी मुलाकडं ऑस्ट्रेलियाला जायची होती. रॉकेट आधीच तिकडं गेलेल्या नातवानं मागं ठेवलेलं होतं. तिला पैसे नको होते. माझ्या पिशवीतलं क्रोशाचं काम बघून ती म्हणाली, असा टेबलक्लॉथ मला करून दे, तिकडं घेऊन जाईन, आणि हे तू घे.

मी तो टेबलक्लॉथ उन्हाळ्याच्या तोंडाला विणला. घामानं सुई सटकायची, दोरा मळू नये म्हणून मांडीवर पंचा घ्यायचे. कडेला द्राक्षांचे घड, मध्ये मोठं फूल. डोळे चुरचुरायला लागले तरी सोडला नाही. तो पुरा झाला तेव्हा नेमकी वार्षिक परीक्षा आली आणि मला रजा मिळेना. तिकडं म्हातारीची बांधाबांध सुरू. तेवढ्यात दाजी शिरूरला आले होते. त्यांनी हात पुढं केला.

"दे हिकडं. रेल्वेचा माणूस हाय मी. पार्सल पोचवायचं तर आमचं कामच हाय."

मी दिलं. वर आईनं त्यांना कोंबडी कापून जेवायला घातलं. आता आठवलं की त्या कोंबडीचंही वाईट वाटतं.

शाळेला सुटी लागली तशी मी दौंडला धावले. म्हातारी मुंबईला बोट धरायला गेलेली होती. आणि माझं रॉकेट दाजींच्या काचेच्या कपाटात, मधल्या खणात, खाली लाल मखमलीचा तुकडा घालून ठेवलेलं. मला वाटलं, माझ्यासाठीच जपून ठेवलंय. मी म्हटलं, "दाजी, काढून द्या ना. वर्तमानपत्रात गुंडाळून नेते."

दाजी आरामखुर्चीत बसून सुपारी कातरत होते. "काय काढून देऊ?"

"माझं रॉकेट."

"तुझं? म्हातारीनं माझ्या हातात दिलंय त्ये. मी तिचं सामान गाडीत चढवून दिलं, तिनं खुशीनं दिलं."

"आणि माझा टेबलक्लॉथ?"

"त्यो बी दिला. लई आवडला तिला." मग हसून म्हणाले, "ज्याच्या हाती ससा तो पारधी, मेहुणीबाई. आन् रॉकेट काय पळून चाललंय का? येत जा, बघत जा. तुला बघायला कोण नको म्हणतंय?"

चोर तो चोर, वर शिरजोर! मी आक्काकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. "जाऊ दे गं," ती म्हणाली. "पुरुष माणूस हाय. त्यांची हौस हाय."

"आन् माझी न्हाई का?"

"तुझं काय, तू एकटी. कुठं मांडून बसणार हायेस?"

दाजींचं बोलणं मला लागलं नाही, त्याचा राग आला. आक्काचं लागलं. लग्न झालं नाही म्हणजे माझ्या वस्तूला माझं घरही नाही की काय? त्या दिवशी मी तिच्या घरी पाणी प्यायले नाही आणि तशीच एसटीत बसले. शिरूर येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की ते रॉकेट त्या कपाटातून निघेल, आणि दाजींच्या स्वतःच्या हातानं निघेल.

पण करायचं कसं? कपाटाला कुलूप. भांडायला गेलं तर आक्काच्या संसाराला नख लावलं असं सगळे म्हणणार. महिनेच्या महिने मी विचार करत राहिले. वर्गात फळ्यावर लिहिताना, कोरड्यास ढवळताना, गुडघ्यावर बसून प्रार्थना करतानासुद्धा. देवानंच मला वाट दाखवली असं मी म्हणणार नाही, पण वाट देवळातूनच निघाली.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पावसाळ्याची पिकं घरात आली की हंगामाची उपासना होते. त्या रविवारी निमोणे, कवठे येमाई, वडगाव रासाई अशा गावांतून आमची माणसं देवळात येतात आणि जे पिकलं त्यातलं पहिलं आणतात. बाजरीची कणसं, भोपळे, भुईमूग, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. ज्यांना शेत नाही ते हातचं काम आणतात, कुणी गोधडी, कुणी सुपली. सगळं व्यासपीठापुढच्या टेबलावर मांडायचं. पाळकसाहेब देणाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि उपासनेनंतर लिंबाखाली त्या वस्तूंचा लिलाव होतो. पैसा देवळाला. लिलावाला गावातली इतर मंडळीही येतात, कोंबडी बरी मिळते म्हणून. दुसऱ्या देवळांत काय चालतं मला ठाऊक नाही, पण आमच्याकडं दोन रीती अगदी कडक होत्या. टेबलावर ठेवलेली वस्तू कुणी परत उचलायची नाही, ती देवाची झाली. आणि आपण दिलेल्या वस्तूवर आपण बोली लावायची नाही. दिलेलं परत घेणारा, हे नाव आमच्यात पोराबाळांपर्यंत चिकटतं.

टेबल सजवायचं काम शाळेच्या बाईंकडं असायचं. म्हणजे माझ्याकडं.

मी दाजींशी गोड बोलायला लागले. खरं तर तिथंच त्यांना संशय यायला हवा होता. दसऱ्याच्या सुटीत दौंडला गेले तेव्हा कपाटापुढं उभी राहून म्हटलं, "दाजी, शिरूरला नवे पाळकसाहेब आलेत. त्यांना असल्या गोष्टींची फार आवड. तुमच्या रॉकेटचं मी इतकं सांगितलं की ते म्हणतात, हंगामाला तुमचे दाजी येतील तेव्हा दाखवाच."

दाजींच्या मिशा हलल्या. "आणू की. त्यात काय!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हंगामाच्या रविवारी ते आक्काला आणि मुलांना घेऊन आले, कडक इस्त्रीचा कोट घालून, आणि काखेत पिशवी. पिशवी त्यांनी देवळाच्या व्हरांड्यात बाकाखाली ठेवली आणि पुरुषांच्या बाजूला पुढच्या रांगेत जाऊन बसले. मी भोपळे आत नेत होते, कणसं आत नेत होते. त्याच हातानं पिशवी उचलली. रॉकेटला चावी दिली नाही, फक्त पदरानं पुसलं, आणि एका मोठ्या भोपळ्याच्या आणि अंड्यांच्या टोपलीच्या मध्ये उभं करून ठेवलं. इतकं देखणं दिसत होतं!

पाळकसाहेब एकेक वस्तू उचलत, नाव विचारत, आभार मानत होते. रॉकेट हातात आलं तसे ते थबकले. "आणि हे कुणाकडून?"

मी उभी राहिले. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. "दौंडच्या आमच्या दाजींकडून."

यात खोटं काय होतं? रॉकेट आपलं आहे असं तेच तर साऱ्या जगाला सांगत होते.

पाळकसाहेब इतके भारावले की काही विचारू नका. त्यांनी रॉकेट दोन्ही हातांवर घेतलं, डोळे मिटले आणि लांबलचक प्रार्थना केली. दूरच्या भावानं आपल्या जिवाची आवडती वस्तू प्रभूला दिली, असा त्याग आम्हा सर्वांना शिकव. सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. मी डोळे उघडेच ठेवले होते. दाजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. ओठ हलले, आणि त्यांनाही "आमेन" म्हणावं लागलं. तेवढ्या एका आमेनसाठी मी पुन्हा एक टेबलक्लॉथ विणायला तयार होते.

पुढचं सगळं मी जुळवून ठेवलं होतं. दाजींना बोली लावता येणार नाही. बाकी कुणाला रॉकेट नको. मी घेईन, उजळ माथ्यानं घरी नेईन, आणि दाजी आले की म्हणेन, येत जा, बघत जा. पगारातले शिल्लक पैसे रुमालात बांधून कमरेला खोचले होते.

लिंबाखाली लिलाव सुरू झाला. मंडळीचे एक वडील, म्हणजे पंच, घसा ताणून ओरडत होते. भोपळा गेला, कोंबडी गेली, सुपल्या गेल्या. मग त्यांनी रॉकेट उंच धरलं. लोक हसायला लागले. मी तोंड उघडलं आणि बोली लावली, एका चांगल्या कोंबडीचा भाव.

"बाईंची बोली! आणखी कोण? कुणीच नाही? एकवार... दोनवार..."

"थांबा!"

दाजी गर्दीतून पुढं आले होते. आता चेहरा पांढरा नव्हता, तांबडा झाला होता. "बाईला बोली लावता येत न्हाई," ते म्हणाले. "ती बी देणारीच हाय."

वडिलांनी रॉकेट खाली घेतलं. "ते कसं काय?"

दाजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळत होतं की ते काय बोलताहेत, आणि तरी ते बोलले. "त्ये रॉकेट हिच्या टेबलक्लॉथच्या बदली आलंय. उन्हाळ्याच्या तोंडाला हिनं विणला व्हता. मी नुस्ता पोचवला. तवा देणगी दोघांची हाय. मला न्हाई, तर तिलाबी न्हाई."

मग कवठ्याची एक म्हातारी, जिला कुणाचीच भीड नव्हती, मोठ्यानं म्हणाली, "आगं बया! म्हंजी रॉकेट बाईंचं? मग ते ह्यांच्या कपाटात काय करीत व्हतं इतके दिस?"

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन! मला मिळू नये म्हणून त्या माणसानं सगळ्या मंडळीसमोर स्वतःला चोर ठरवून घेतलं होतं. आक्का मुलाला कडेवर घेऊन उभी होती, तिनं मान खाली घातली. जे शब्द ऐकायला मी इतके महिने तळमळले ते सगळे शब्द सगळ्यांच्या कानांवर पडले होते, आणि त्याच शब्दांनी रॉकेट माझ्या हातातून जात होतं.

वडिलांनी मला विचारलं, "बाई, हे खरं आहे का?"

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. नाही, टेबलक्लॉथ मी म्हातारीला असाच भेट दिला, रॉकेटशी माझा काही संबंध नाही, एवढं म्हटलं की तीनवार झालं असतं आणि रॉकेट माझं. रुमालाची गाठ मी हातात धरली होती. इवला माणूस घुमटीखाली बसला होता, मान डावीकडं वळवलेली. मला ते रॉकेट फार हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर दाजी पुन्हा खरे ठरले असते. म्हातारीनं त्यांनाच दिलं, खुशीनं दिलं, आणि मेहुणी वेडी. ते मला चालणार नव्हतं. मरेपर्यंत चाललं नसतं.

"खरं आहे," मी म्हटलं. "माझं आहे ते. माझंच होतं."

"मग तुम्हालाही बोली नाही," वडील म्हणाले, आणि रॉकेट पुन्हा वर धरलं.

पलीकडं कोंबड्यांसाठी आलेले एक आबा उभे होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता न्हावऱ्याच्या पुढं रस्त्याकडंला शेती करायचे. त्यांनी जवळ येऊन रॉकेटवर टिचकी मारून बघितली.

"ह्ये उन्हात चकाकतंय का?"

"चकाकतं की, आबा."

"ज्वारीवर पाखरं लई बसत्यात. ह्येला भितील का?"

लोक पोट धरून हसले. आबा हसले नाहीत, त्यांनी बोली लावली. कोंबडीच्याही खालची. एकवार, दोनवार, तीनवार झालं. मी आणि दाजी दोघं तोंडं शिवून उभे होतो. आबांनी रॉकेट घोंगडीत गुंडाळलं, काखेत मारलं आणि चालायला लागले. तेल गेलं, तूप गेलं, आमच्या दोघांच्या हाती धुपाटणंही राहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी मागच्या दारी बसून रडले, आणि रडता रडता मध्येच मला हसू फुटायचं. आईनं बाहेर येऊन सुचवलं, "आबा भला माणूस हाय. मागून घे की." पण देवाला दिलेलं मागच्या दारानं परत आणणं मला जमलं नसतं. आणि आणखी एक कारण होतं, ते आईला सांगितलं नाही. दौंडहून शिरूरला येणारी एसटी आबांच्या शेतावरूनच यायची. दाजींना सासुरवाडीला यायचं तर दुसरा रस्ता नव्हता.

ज्वारी निसवली तशी आबांनी खरंच उंच बांबूला तारेनं रॉकेट बांधलं. सूर्य वर आला की रस्त्यावरून ते लांबवर लखलखायचं. मंडळीतली माणसं येता-जाता बघायची आणि दाजी भेटले की विचारायची, "दाजी, यंदा काय देणार हंगामाला?" आक्कानं सांगितलं की त्यांनी कपाटाची काच कागदानं झाकून टाकली. मला ऐकून बरं वाटलं, अगदी मनापासून.

पुढच्या साली नाताळनंतर दाजी आक्काला न्यायला आले आणि मीही त्यांच्याबरोबर दौंडला निघाले. एसटीत गर्दी होती. दाजींना खिडकी मिळाली, त्या शेताच्याच बाजूची. मी त्यांच्या मागच्या बाकावर. न्हावरं मागं पडलं तसे त्यांनी खिशातून तिकीट काढलं आणि दोन्ही बाजूंनी वाचायला घेतलं. तिकिटावर वाचण्यासारखं असतं काय?

बांबू दिसायला लागला. रॉकेटची चांदी उडाली होती, एक पंख गळून गेला होता, घुमटी तडकली होती. आणि त्याच्या नाकावर एक चिमणी खुशाल बसली होती. मी नजर काढली नाही. पुढं वाकले आणि त्यांच्या कानाशी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दाजी, बघा की. तुम्हाला बघायला कोण नको म्हणतंय?"

त्यांनी मान वळवली नाही. मग बस वळेपर्यंत मी एकटीनंच बघून घेतलं.